अमोनियावर जगणारे जीव: विनोग्राड्स्की यांनी मातीत काय शोधले

युरियाची गोणी शेतात रिकामी केली की पिकाला नत्र दिले, असे आपण म्हणतो. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते, हा हिशेब बरोबर आहे. पण ते नत्र पिकाच्या पानापर्यंत पोचण्याआधी जमिनीत बरेच काही घडावे लागते. ओल मिळताच युरिएज नावाचे विकर, जे मातीतील असंख्य सूक्ष्मजीव तयार करत असतात, काही दिवसांत युरियाचे अमोनियम करते. त्यानंतर जमिनीला वाफसा असेल तर त्या अमोनियमचे हळूहळू नायट्रेट होते, आणि ज्वारी, गहू, कापूस यांसारखी पिके आपले नत्र मुख्यतः नायट्रेटच्याच रूपात उचलतात. शेणखत घातले तरी वाट हीच असते, फक्त सुरुवात थोडी मागून होते. अमोनियमचे नायट्रेट होण्याच्या या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात. ही क्रिया जिवाणू घडवून आणतात, हे आज शाळेच्या पुस्तकातील एका ओळीत आटोपते. परंतु ते जिवाणू प्रत्यक्ष हाती लागायला एकोणिसाव्या शतकातील नाणावलेल्या शास्त्रज्ञांना दहा-बारा वर्षे झटावे लागले, आणि अखेर सर्गेई विनोग्राड्स्की यांना ते सापडले तेव्हा नव्या जिवाणूबरोबर जगण्याची एक नवी तऱ्हाच उजेडात आली.

नायट्रेट मातीत आपोआप तयार होते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते, कारण बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा म्हणजे नायट्रेटच. बिहारमध्ये गुराढोरांच्या मुतामुळे भिजलेल्या वस्तीच्या मातीवर पांढरा क्षार फुलून येई; ती माती खरवडून, धुऊन, आटवून सोरा काढला जाई आणि जहाजे भरभरून युरोपात जाई. युरोपातही शेण, मूत्र, चुना आणि माती यांचे ढीग रचून, ते महिनोन्‌महिने हवेशीर ठेवून सोरा पिकवण्याचे उद्योग चालत. एवढा अनुभव असूनही हे का घडते याचे उत्तर मात्र रसायनशास्त्राच्या अंगाने दिले जात होते. माती सच्छिद्र असते, तिच्या पोकळ्यांत हवेतील प्राणवायू आणि अमोनिया एकत्र येतात आणि त्यांचा संयोग होतो, अशी समजूत होती. तीत चमत्कारिक असे काही नव्हते, आणि म्हणूनच ती तपासून पाहावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

१८७७ साली थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युन्ट्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी तिला धक्का दिला. सांडपाणी शुद्ध कसे करावे, या प्रश्नावर काम करताना त्यांनी काचेच्या सुमारे मीटरभर लांबीच्या नळीत वाळू आणि खडूची भुकटी भरली आणि वरून सांडपाणी थेंबाथेंबाने सोडले. क्रिया केवळ रासायनिक असती तर खाली पहिल्या दिवसापासून नायट्रेट यायला हवे होते. प्रत्यक्षात वीस दिवस काहीच आले नाही. मग एकाएकी नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा नायट्रेट बंद झाले, आणि चांगली माती कालवलेले थोडे पाणी वरून ओतल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने वाळू बेशुद्ध होत नाही. नळीत काहीतरी जिवंत होते आणि ते वीस दिवसांत वाढले होते.

ते जिवंत काय, हे दाखवणे मात्र कोणाला जमेना. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील प्रसिद्ध कृषी संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि नंतर नायट्रेट होते, आणि या दोन टप्प्यांसाठी बहुधा दोन वेगळे जीव असावेत, इथपर्यंत ते पोचले. परंतु जिवाणू वेगळे काढण्यात त्यांना यश आले नाही. अडचण त्यांच्या कौशल्यात नव्हती, तर त्या काळी सर्वमान्य झालेल्या पद्धतीत होती. रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतू वेगळे काढण्यासाठी जिलेटीनच्या थरावर जिवाणू वाढवण्याची रीत घालून दिली होती. मांसाचा अर्क घातलेल्या त्या पौष्टिक थरावर मिश्रण पसरले की एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका उगवतो आणि तो उचलला की शुद्ध वाण हाती येते. क्षय आणि पटकी यांचे जंतू याच परंपरेतून सापडल्यामुळे जो जिवाणू अशा ताटात जेवत नाही तो जवळजवळ जिवाणूच नव्हे, अशी मनोवृत्ती बनली होती. नायट्रीकरण करणाऱ्या मातीतून जिलेटीनवर भरपूर ठिपके उगवत, पण त्यांतला एकही नायट्रीकरण करत नसे.

विनोग्राड्स्की यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथील सधन घरात झाला. ते या विषयाकडे सरळ वाटेने आले नाहीत. सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात त्यांनी काही काळ पियानोचे शिक्षण घेतले, मग विद्यापीठात जाऊन निसर्गविज्ञान शिकले, आणि १८८५ मध्ये स्ट्रासबर्गला अँटन डी बॅरी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. रोगजंतूंच्या मागे लागलेल्या वैद्यकाऐवजी वनस्पतिशास्त्राच्या दारातून ते सूक्ष्मजीवांकडे आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वैद्यकाला जंतू दिसतो तो रोग्याच्या शरीरात, जिथे अन्न तयारच असते. वनस्पतिशास्त्रज्ञाला मात्र पहिला प्रश्न हा पडतो की हा जीव पोट कशाने भरतो.

स्ट्रासबर्गला त्यांनी निवडला तो बेगियाटोआ नावाचा, गंधकयुक्त झऱ्यांत पांढऱ्या तंतूंच्या गुंत्यासारखा वाढणारा जिवाणू. त्याच्या पेशींत गंधकाचे चकचकीत कण भरलेले असतात. विनोग्राड्स्की यांनी हे तंतू सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवले आणि त्यांना बाहेर न काढता, फक्त भोवतालचे पाणी पुन्हापुन्हा बदलत, दिवसच्या दिवस त्यांचे निरीक्षण केले. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात असेल तर पेशी गंधकाने भरत. साधे पाणी घातले की ते कण एक-दोन दिवसांत विरघळून जात आणि त्यांचे सल्फ्युरिक आम्ल होई. त्यानंतरही सल्फाइड दिले नाही तर तंतू मरत. १८८७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की हा जीव हायड्रोजन सल्फाइड अक्षरशः जाळतो आणि त्या ज्वलनातून निघणाऱ्या ऊर्जेवर जगतो. आपण भाकरीतील पिष्ट जाळतो, हा जिवाणू दुर्गंधी वायू जाळतो. लोहयुक्त पाण्यात राहणारे काही जिवाणू लोहाच्या बाबतीत असेच करत असावेत, असेही त्यांनी लगोलग सुचवले.

१८८८ च्या आरंभी डी बॅरी यांचे निधन झाले आणि विनोग्राड्स्की झुरिकला गेले. तिथे त्यांनी नायट्रीकरणाचा अडलेला प्रश्न हाती घेतला तो बेगियाटोआचा धडा मनात ठेवून. एक जिवाणू गंधक जाळून जगत असेल, तर दुसरा अमोनिया जाळून का जगू नये? आणि तसे असेल तर त्याला मांसाचा अर्क, साखर, जिलेटीन यांची गरजच काय? पंगतीत जो पदार्थ एकालाच रुचतो तेवढाच वाढला आणि बाकीची सगळी पात्रे उचलून नेली, तर शेवटी तो एकटाच जेवत बसेल. म्हणून त्यांनी काचेची भांडी कसोशीने स्वच्छ केली, शुद्ध केलेले क्षार आणि पाणी घेतले, आणि अमोनियम, थोडे खनिज क्षार व आम्ल शोषून घेण्यासाठी कार्बोनेट एवढ्यावर द्रव तयार केला. नायट्रीकरणात आम्ल तयार होते आणि ते साठले तर क्रिया थांबते. श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांच्या नळीतील खडूचे काम हेच होते. या द्रवात सेंद्रिय कर्ब मुद्दाम घातलेलाच नव्हता. मातीचा एक कण त्यात टाकायचा, अमोनिया संपत आला की थेंबभर द्रव नव्या भांड्यात घालायचा, आणि असे करत राहायचे. दरवेळी सेंद्रिय अन्नावर जगणारे उपाशी राहून मागे पडत आणि अमोनियावर जगणारे पुढे सरकत.

तरीही काही चिवट सोबती उरलेच, आणि त्यांना वगळण्यासाठी त्यांनी जिलेटीनचा उलटा उपयोग केला. मिश्रण जिलेटीनवर पसरून, जिथे काहीच उगवलेले दिसत नाही अशा जागेचा अंश उचलून त्यांनी अमोनियाच्या द्रवात टाकला. सगळे जग उगवलेला ठिपका उचलत असताना हा माणूस रिकामी जागा उचलत होता. पुढे त्यांनी जिलेटीन सोडूनच दिले आणि सिलिकापासून बनवलेला, म्हणजे खनिज, घट्ट थर वापरला; त्यावर नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंचे ठिपके अखेर उगवले. १८९० पासून हे काम पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानेही अमोनियाचे नायट्राइट करणारा जिवाणू वेगळ्या मार्गाने, द्रव वारंवार विरळ करत नेऊन, मिळवला होता, हेही इथे नोंदवायला हवे.

या कामातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे वॉरिंग्टन यांचा कयास खरा ठरला. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाईबंद अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. एकाने टाकलेले ते दुसऱ्याचे अन्न. नायट्राइट वनस्पतींना विषारी असूनही चांगल्या जमिनीत ते क्वचितच साठते, याचे कारण ही साखळी.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती. या द्रवात सेंद्रिय कर्ब नसतानाही जिवाणूंची शरीरे वाढत होती, म्हणजे सेंद्रिय कर्ब तयार होत होता. तो येत होता हवेतील आणि कार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइडमधून. तोपर्यंत हे काम फक्त सूर्यप्रकाशाच्या बळावर हिरव्या वनस्पतीच करू शकतात, असे मानले जाई. इथे काळ्याकुट्ट अंधारात, अमोनिया जाळून मिळालेल्या ऊर्जेवर, एक रंगहीन जिवाणू तेच करत होता. विनोग्राड्स्की यांनी हिशेबही मांडला: एक भाग कर्ब शरीरात घेण्यासाठी हा जीव सुमारे ३५ भाग नत्राच्या अमोनियाचे ज्वलन करतो. अमोनिया हे इतके निकस जळण आहे की पोटभर ऊर्जेसाठी त्याचा ढीग जाळावा लागतो. एका अर्थी शेती या निकसपणावर उभी आहे. हे जळण कसदार असते तर जिवाणूंनी थोडासाच अमोनिया जाळला असता आणि नायट्रेटही तेवढेच कमी तयार झाले असते.

हे सगळे शेताच्या भाषेत आणून पाहू. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे अमोनियम मातीला धरून राहते. नायट्रेटवर ऋण भार असल्याने त्याला मातीचा आधार नसतो. ते पाण्याबरोबर मुळांकडे सहज जाते आणि तितक्याच सहज मुळांच्या खाली निघून विहिरीच्या पाण्यातही उतरते. म्हणजे नायट्रीकरण पिकाला उपकारक आहे आणि खर्चीकही. आपल्याकडे देशात तयार होणाऱ्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे २०१५ मध्ये बंधनकारक करण्यात आले. युरिया इतर उद्योगांत वळू नये हा त्यामागचा एक हेतू होता. पण दुसरा हेतू थेट विनोग्राड्स्की यांच्या जिवाणूंशी संबंधित आहे. कडुनिंबातील काही द्रव्ये त्यांचा वेग मंदावतात, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपात जरा जास्त काळ मातीला धरून राहते.

वाफशाचे महत्त्वही इथेच कळते. अमोनिया जाळायचा तर प्राणवायू हवा, आणि मातीच्या पोकळ्यांत पाणीच पाणी असेल तर तो पोचत नाही. पाणी तुंबलेल्या जमिनीत नायट्रीकरण थांबते एवढेच नव्हे, तर आधी तयार झालेले नायट्रेट दुसऱ्या जातीचे जिवाणू श्वसनासाठी वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. त्यातील काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून निसटतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. अतिवृष्टीनंतर काळ्या जमिनीतील पीक पिवळे पडते त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. भाताचे तसे नाही. पाण्यात उभा राहणारा भात नत्र अमोनियमच्या रूपात घेण्यात तरबेज आहे. कोकणात भातखाचरात युरियाच्या गोळ्या चिखलात खोल खोचतात त्या यासाठीच: खाली प्राणवायू नसतो, म्हणून अमोनियमचे नायट्रेट होत नाही आणि नत्र तिथेच राहते.

१८९१ मध्ये विनोग्राड्स्की सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत रुजू झाले आणि त्यांनी चक्राची दुसरी बाजू हाती घेतली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही बहुतेक सजीवांना तो वापरता येत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी तो वापरतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी थोडेच आधी दाखवले होते. पण पिकाच्या आश्रयाशिवाय, मोकळ्या मातीत राहणारा कोणी हे करतो का? विनोग्राड्स्की यांनी पुन्हा पंगतीची युक्ती केली: साखर भरपूर, नत्र अजिबात नाही. अशा द्रवात १८९३ च्या सुमारास त्यांना क्लॉस्ट्रिडियम पाश्चरियानम हा जिवाणू मिळाला. त्याला प्राणवायू सोसत नाही, तरी तो हवेशीर मातीतही सापडतो, कारण भोवतीचे इतर जिवाणू प्राणवायू फस्त करून त्याच्यासाठी जागा मोकळी करून देतात. आज कृषी सेवा केंद्रात पाकिटात मिळणारे अझोटोबॅक्टर हे त्याच कामाचे, पण प्राणवायूत वाढणारे, जिवाणू. ते १९०१ मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी शोधले.

त्यानंतरची कित्येक वर्षे विनोग्राड्स्की संशोधनापासून दूर राहिले. प्रकृतीच्या कारणाने १९०५ च्या सुमारास त्यांनी निवृत्ती घेतली आणि ते युक्रेनमधील आपल्या वतनावर राहू लागले. क्रांतीनंतर तेही सोडावे लागले. बेलग्रेडला थोडा काळ काढल्यावर १९२२ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, ते पाश्चर संस्थेच्या निमंत्रणावरून पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रॉबेर या गावी आले आणि मातीकडे पुन्हा वळले. या वेळी त्यांची तक्रार प्रयोगशाळेतील सगळ्याच माती-संशोधनाबद्दल होती. पौष्टिक थरावर मातीचे पाणी पसरून उगवलेले ठिपके मोजायचे आणि त्यांना मातीतील जीवसृष्टी म्हणायचे, हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी मातीच रंगवून थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि थरावर उगवणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जिवाणू तिच्यात दिसले. ग्रॅमभर मातीत कोट्यवधी ते अब्जावधी जिवाणू असतात आणि त्यांतील फार थोडे प्रयोगशाळेत वाढतात, हे आता सर्वमान्य आहे.

याच काळात त्यांनी केलेली एक विभागणी शेतकऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. काही जिवाणू मातीचे कायमचे रहिवासी असतात; ते मातीतील जुन्या, कठीण सेंद्रिय द्रव्यावर संथपणे जगतात आणि त्यांची संख्या फारशी हलत नाही. दुसरे एरवी निपचित असतात आणि ताजे खाद्य पडले की उसळतात. उसाचे पाचट जमिनीत आच्छादले की दुसरा गट उठतो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असल्यामुळे स्वतःचे शरीर बांधण्यासाठी हे जिवाणू मातीतले उपलब्ध नत्र ओढून घेतात आणि पीक काही काळ उपाशी राहते. पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस होते ती हा तात्पुरता तुटवडा भरून काढण्यासाठी. खाद्य संपले की ते जिवाणू मरतात, त्यांच्या शरीरातील नत्र पुन्हा अमोनियम होते आणि नायट्रीकरणाच्या वाटेला लागते. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे म्हणतात त्यामागेही हेच चालते; हरभऱ्याच्या मुळ्या आणि पाला यांत नत्राचे प्रमाण जास्त असल्याने ते कुजताना नत्र ओढले जात नाही, उलट सुटते.

विनोग्राड्स्की यांचे नाव आज प्रयोगशाळेबाहेर जिथे ऐकू येते तो ‘विनोग्राड्स्की स्तंभ’ हा प्रयोग घरीही करता येतो. तळ्याच्या काठचा चिखल घ्यावा, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, अंड्याच्या कवचाची पूड आणि गंधकासाठी थोडे जिप्सम कालवावे, उभ्या पारदर्शक बाटलीत भरावे, वर तळ्याचेच पाणी घालावे, झाकण सैल ठेवावे आणि बाटली खिडकीच्या उजेडात दीड-दोन महिने सोडून द्यावी. तळाशी प्राणवायू संपून चिखल काळा पडतो, कारण तिथले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात आणि त्याचे लोहाशी संयुग होते. त्याच्या वर हिरवट, मग जांभळट पट्टे उमटतात. ते खालून येणारे सल्फाइड आणि बाहेरून येणारा उजेड दोन्ही लागणाऱ्या जिवाणूंचे. अगदी वर, जिथे प्राणवायू आहे, तिथे हिरवे शेवाळ. बाहेरून कोणीही काही न घालता एकाचा उकिरडा दुसऱ्याचे कोठार होत जातो, आणि ते काचेतून स्पष्ट दिसते.

विनोग्राड्स्की यांचे १९५३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या कामात पुढे दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या आहेत. २००५ मध्ये अमोनियावर जगणारा, पण जिवाणूंहून निराळ्या अशा आर्किया या कुळातला जीव सिॲटलच्या मत्स्यालयातील टाकीतून वेगळा काढण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी असे दिसले की अनेक जमिनींत या कुळातील अमोनियाभक्षकांची संख्या जिवाणूंपेक्षा जास्त आहे. २०१५ मध्ये तर दोन टप्पे, दोन जीव ही सव्वाशे वर्षांची विभागणीच अपुरी ठरली: अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे काम एकटा करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू दोन वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केले. त्यांतला एक रशियात, १,२०० मीटर खोल तेल-शोध विहिरीतून येणाऱ्या गरम पाण्याच्या नळावरच्या बुळबुळीत थरात राहत होता. त्याला दिलेल्या नावाचा उत्तरार्ध इनोपिनाटा असा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अनपेक्षित. त्याला वाढवले होते ते मात्र जुन्याच रीतीने, अमोनियम आणि खनिज क्षारांखेरीज ताटात फारसे काही न वाढता.